बहिणीच्या नावापुढे ‘नॉट फिट’ लिहिलं

प्रिय ताई,

मी २५ वर्षांची आहे. कांजूरमार्गला राहते, अंधेरीला एका कास्टिंग ऑफिसात को-ऑर्डिनेटर आहे. जाहिरातींसाठी चेहरे शोधायचे, ग्रुपवर मेसेज टाकायचे, ऑडिशन शूट करायच्या आणि निवडलेल्यांची लिंक पुढे पाठवायची, हे माझं काम. मेसेज ठरलेला असतो: ‘फीमेल, २२ ते २८, फेअर, अपमार्केट लूक’. मी स्वतः काळीसावळी आहे. गेल्या महिन्यात गृहकर्जाच्या एका जाहिरातीच्या ऑडिशनला माझी मामेबहीण माणगावहून मुद्दाम आली. त्या दिवशीची सगळ्यात चांगली ऑडिशन तिची होती, सरही तसंच म्हणाले. मग म्हणाले, ‘स्किन टोनचा प्रॉब्लेम येईल, हिला लिंकमध्ये टाकू नको.’ शीटवर तिच्या नावापुढे ‘नॉट फिट’ मीच लिहिलं. तिला सांगितलं, उंची कमी पडली. ती काही बोलली नाही. परवा मामीचा फोन आला, ती पार्लरवालीकडून आणलेलं कसलंसं क्रीम लावतेय, डबीवर लेबलसुद्धा नाही. मला रात्री झोप लागत नाही. नोकरी सोडू का? घरात माझाच पगार येतो. आणि ताई, विठोबा सावळा आहे हे कृपा करून सांगू नका. लहानपणापासून ऐकत आलेय, त्याने बरं वाटत नाही.

तुमची एक वाचक, कांजूरमार्ग

---

प्रिय मुली,

आधी त्या डबीचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, ती डबी थांबू शकत नाही.

लेबल नाही म्हणजे आत काय आहे ते पार्लरवालीलाही ठाऊक नाही. गोरं करणाऱ्या अशा क्रीममध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत, स्टेरॉइड आणि पारा. स्टेरॉइडने पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच उजळतो, तुकतुकीत दिसतो. बायका फसतात त्या तिथेच. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल रेषा दिसायला लागतात, पुरळ येतं, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. घाबरून एकदम बंद केलं तर चेहरा आणखी भडकतो आणि बाई पुन्हा डबी उघडते. पारा तर त्वचेतून थेट अंगात जातो आणि मूत्रपिंडावर परिणाम करतो. अशा क्रीममुळे किडनीचा विकार झालेले रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत, महाराष्ट्रातलेही. तेव्हा तिला मुंबईला बोलावून घे आणि केईएम, सायन नाहीतर नायर, जिथे सोयीचं असेल तिथल्या त्वचेच्या ओपीडीत घेऊन जा. सकाळी लवकर पोचून केसपेपर काढा. डबी फेकू नका, सोबत न्या. किती दिवस लावलं ते खरं सांगू दे. पाय सुजतात का, लघवीला फेस येतो का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

आता उंचीबद्दल. तिला दुखू नये म्हणून तू खोटं बोललीस, हे मला समजतं. पण तिला खरं कारण कळलं होतं, आणि ते तुझ्याकडून कळलं नाही. त्यामुळे घरी जाताना माणगावच्या गाडीत ती एकटीच त्याच्याशी झुंजली आणि तिने दोष स्वतःच्या चेहऱ्याकडे घेतला. तू म्हणाली असतीस, ‘तुझी ऑडिशन सगळ्यात चांगली होती, रंगावरून तुला काढलं आणि ते चुकीचं झालं’, तर तिला राग आला असता, कदाचित तुझाही आला असता. पण तो राग बाहेरच्यावर असता. त्या रागाने कुणी डबी आणत नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तास-दोन तास बाकावर बसावं लागेल. तेव्हा सांग. ‘नॉट फिट’ तू लिहिलंस हेही सांग. ते तिला दुसरीकडून कळता कामा नये.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मी स्वतः काळीसावळी आहे’. ते लिहून तू लगेच गृहकर्जावर गेलीस. मी तिथे थांबले. दिवसातून चार-पाच वेळा ‘फेअर’ हा शब्द स्वतःच्या बोटांनी टाइप करायचा, आणि संध्याकाळी लोकलच्या काचेत आपला चेहरा बघायचा. यात बहिणीइतकीच तुलाही इजा होत असते. झोप न लागण्याचं कारण निम्मं तिकडे आहे.

मला हे कळतं, कारण मीही असं काम केलं आहे. जे. जे. मधून उपयोजित कला शिकून मी एका एजन्सीच्या आर्ट डिपार्टमेंटला लागले. नव्वदच्या दशकाची अखेर होती, फोटो नुकते संगणकावर दुरुस्त व्हायला लागले होते आणि ते काम माझ्याकडे होतं. एका साबणाचं पोस्टर होतं. मॉडेल मुलगी सावळी, हसरी, हातात साबणाची वडी. क्लायंटचा निरोप आला, ‘दोन शेड वर घ्या.’ मी चेहरा घेतला, गळा घेतला, खांदे घेतले. प्रूफ बघून क्लायंटचा माणूस म्हणाला, ‘हा हात कुणाचा?’ वडी धरलेला उजवा हात माझ्याकडून राहून गेला होता. चेहरा एका बाईचा आणि हात दुसऱ्या बाईचा, असं ते चित्र दिसत होतं. मी बसून बोटं, मनगट, नखांभोवतीची कातडी, सगळं उजळलं. मनगटावर एक लांबट डाग होता, तोही पुसला. महिन्याभराने ती मुलगी चेक घ्यायला आली. पोस्टर रिसेप्शनला लावलेलं होतं. ती जवळ गेली, आपला हात त्या हाताशेजारी धरला आणि मला म्हणाली, ‘ताई, तव्याचा चटका पण गेला की.’ ती तक्रार करत नव्हती, तिला नवल वाटलं होतं. मी काही बोलू शकले नाही. तिचा तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

म्हणून तुला उपदेश करायला मी मोकळी नाही, पण त्या दिवसापासून मी एक गोष्ट शोधत राहिले. ‘दोन शेड वर’ हे नेमकं कुणी ठरवलं? क्लायंटचा माणूस म्हणायचा, डीलर मागतात. डीलर म्हणायचे, गिऱ्हाईक मागतं. गिऱ्हाइकाला कुणी विचारलंच नव्हतं. तुझ्या ऑफिसात तेच चालू आहे, उतरंड तेवढी लांब आहे. तू सरांचा अंदाज घेतेस, सर प्रॉडक्शन हाउसचा घेतात, ते एजन्सीचा, एजन्सी क्लायंटचा आणि क्लायंट प्रेक्षकाचा. प्रत्येक जण पुढच्याला काय आवडणार नाही याची धास्ती घेऊन आपल्या पातळीवरच एक-दोन नावं कापतो, आणि विचारलं की सांगतो, माझं काही नाही हो, पुढे अडेल. तुझ्या बहिणीला कोणत्याही क्लायंटने नाकारलेलं नाही. तिचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तिला काढलं ते अंधेरीच्या एका खोलीतल्या अंदाजाने.

हे नीट समजून घे, कारण तुला काय करता येईल ते यातूनच निघतं.

तुझ्या हातात पहिली गोष्ट आहे ती मेसेजची भाषा. पुढचं ब्रीफ, म्हणजे कसा चेहरा हवा याची मागणी, आलं की सरांना साधा प्रश्न विचार, ‘क्लायंटने रंगाचं काही लिहिलंय का?’ तक्रारीच्या सुरात नको, कामाचा प्रश्न म्हणून विचार. माझा अनुभव असा की बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. जुना मेसेज कॉपी करून तारीख बदलताना ‘फेअर’ तसाच पुढे येतो. लिहिलेलं नसेल तर तू तो शब्द टाकू नको. त्याच्या जागी माणूस लिही. ‘फीमेल, २६ ते ३०, पहिलं घर घेणारी, नोकरी करणारी, मराठी-हिंदी सफाईने बोलणारी, हसताना मोकळी’. बघ, कोण येतं ते. यातून कास्टिंगही सुधारतं, हे सरांनाही दिसेल, कारण ‘फेअर, अपमार्केट’ या दोन शब्दांवर येणारे चाळीस चेहरे एकमेकांसारखेच असतात.

‘अपमार्केट’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहा. आपल्याकडे शब्द बदलतात आणि अर्थ तिथेच बसून राहतो. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. रंगामुळे लग्न आणि नोकरी अडते असं दाखवणाऱ्या तिच्या जाहिरातींविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, लढा दिला, आणि २००३ मध्ये त्यातल्या काही जाहिराती बंद झाल्या. नावातला ‘फेअर’ जायला मात्र २०२० उजाडलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून मेला आणि जगभर जो क्षोभ झाला, त्यानंतरच्या जुलैमध्ये ती ग्लो अँड लव्हली झाली. त्याच वर्षी जूनमध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. या सगळ्याने फरक पडला, मी तो नाकारत नाही. पण तेव्हापासून ब्रीफमध्ये ‘ग्लोइंग’, ‘प्रीमियम’, ‘इंटरनॅशनल लूक’, ‘क्लीन फेस’ हे शब्द वाढले, आणि ते वाचताना खोलीतल्या प्रत्येकाला कोणता रंग म्हणायचाय ते कळतं. ‘गोरी’ म्हटलं तर निदान वाद घालता येतो. ‘प्रीमियम’शी काय वाद घालणार? तेव्हा असा शब्द आला की विचार, ‘म्हणजे कपडे प्रीमियम, बोलणं प्रीमियम, की घर?’ समोरच्याला उत्तर द्यावं लागलं की अर्थ उघडा पडतो.

नियमांचंही सांगून ठेवते, कारण ऑफिसात कुणी विचारलं तर तुला माहीत असावं. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी अ‍ॅस्की ही संस्था आपल्या मुंबईतलीच, १९८५ मध्ये सुरू झालेली. त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी तिने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सावळं माणूस दुःखी, अनाकर्षक दाखवायचं नाही, रंगामुळे लग्न, नोकरी किंवा बढती अडते असं दाखवायचं नाही, आणि गोरा किंवा काळा रंग विशिष्ट जात, वर्ग, धर्म किंवा व्यवसायाशी जोडायचा नाही. ही संस्था उद्योगाने स्वतःवर घातलेलं बंधन आहे, पण टीव्हीवरच्या जाहिरातींना तिची संहिता पाळणं केबल टीव्हीच्या नियमांनी २००६ पासून बंधनकारक केलं आहे, आणि तक्रार कुणीही साधा ग्राहक करू शकतो. त्या सूचना पडद्यावर काय दाखवावं याबद्दल आहेत. ऑडिशनच्या शीटवर कुणाचं नाव राहावं, याबद्दल त्यात काही नाही. ती जागा मोकळी आहे आणि तिथे तू बसली आहेस.

दुसरी गोष्ट, लिंक. सर म्हणतील, ‘नको टाकू.’ तेव्हा म्हण, ‘सर, ऑडिशन सगळ्यात चांगली आहे असं तुम्हीच म्हणालात. एक नाव जास्त पाठवू, त्यांना नको असेल तर ते काढतील.’ यात सरांचं काही जात नाही, उलट निवडीला एक चेहरा वाढतो. मात्र ते नाव शेवटी टाकू नको. शेवटचे व्हिडिओ बघताना समोरचा फोनवर असतो. दुसरं किंवा तिसरं टाक. पहिल्या वेळी ऐकणार नाहीत, तिसऱ्या वेळी कदाचित ऐकतील. आणि एखादा क्लायंट ‘ही कोण, हिला परत बोलवा’ म्हणाला की पुढचे सहा महिने सरच तुला म्हणतील, एक-दोन वेगळे चेहरे टाक गं. या धंद्यात धास्ती जशी पसरते तसंच हेही पसरतं.

‘स्किन टोनचा प्रॉब्लेम’ म्हणजे कॅमेऱ्यात नीट येत नाही, असंही कुणी म्हणेल. त्याचं उत्तर मी माझ्या फिल्मच्या दिवसांतून देते. रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये कोडॅकचं एक कार्ड असायचं, त्यावर एक गोरी बाई. तिला शर्ली म्हणत. शर्लीची कातडी बरोबर आली की सगळे रंग बरोबर आले असं धरायचं. म्हणजे मोजपट्टीच गोरी होती. काळ्या-तपकिरी छटांचे बारकावे फिल्मवर गिळले जायचे. सत्तरच्या दशकात कंपनीने त्यात सुधारणा हाती घेतली तेव्हा मोठं कारण होतं फर्निचरवाल्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारी, कारण त्यांना दोन लाकडांतला आणि दोन चॉकलेटांतला फरक फोटोत दिसत नव्हता. काळ्या माणसांच्या आया शाळेतल्या ग्रुप फोटोत आपलं पोर नीट दिसत नाही म्हणून कुरकुरत होत्या, त्यांच्यासाठी घाई झाली नव्हती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला ही अडचण नाही. अडचण असते ती गोऱ्या मॉडेलसाठी लावलेला लाइट तसाच ठेवून पुढच्या मुलीला उभं करण्याची, आणि मेकअप दादांच्या पेटीत सगळ्या फाउंडेशनच्या बाटल्या फिक्या असण्याची. फिकं फाउंडेशन सावळ्या त्वचेवर राखाडी दिसतं, आणि मग म्हणतात, ‘बघा, हिचा चेहराच असा येतो.’ गायिका रिहानाच्या फेंटी ब्युटी या मेकअप कंपनीने २०१७ मध्ये फाउंडेशनच्या एकदम ४० शेड बाजारात आणल्या आणि बाकीच्या कंपन्यांना आपापली पेटी उघडून बघावी लागली. तोवर सगळे म्हणत होते, गडद शेडना मागणी नसते.

‘गोरंच विकतं’ हा दावाही असाच तपासून घे. २००८ च्या जुलैमध्ये इटलीच्या व्होग या फॅशन मासिकाने संपूर्ण अंक कृष्णवर्णीय मॉडेल घेऊन काढला. काळ्या मुली मासिकाच्या मुखपृष्ठावर खपत नाहीत, हे त्या धंद्यातलं पाठ झालेलं वाक्य होतं. तो अंक संपला आणि पुन्हा छापावा लागला. आपल्याकडे छत्तीसगडच्या एका खेड्यातून आलेली रेने कुजूर मॉडेल झाली, निधी सुनील २०२१ मध्ये लॉरेआल या सौंदर्यप्रसाधन कंपनीचा जागतिक चेहरा झाली. २०२३ मध्ये मुंबईच्या झोपडवस्तीत वाढलेली एक शाळकरी मुलगी एका महागड्या सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीत झळकली. आणि त्याच्या कितीतरी आधी आपली स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. तेव्हा टीव्ही कृष्णधवल होता, रंगीत १९८२ मध्ये आला. लोक तिच्या बातम्यांची वाट बघत. ही नावं मोजकी आहेत हे मला माहीत आहे. मोजकीच राहतात, कारण गाळणी खालीच लागलेली असते.

तू कांजूरहून जेव्हीएलआरने, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, जात असशील तर एक कर. उद्या खिडकीशी बसून होर्डिंग बघत जा. टॉवरच्या जाहिराती बघ. गॅलरीत उभं परदेशी जोडपं, कडेवर सोनेरी केसांचं बाळ. त्या इमारतीत उद्या राहायला येणार सावंत, शाह, नायर, शेख आणि यादव, आणि चित्रात यांच्यापैकी कुणी नाही. त्या परदेशी मुलींवर माझा राग नाही. त्याही लांबून पोटासाठी येतात, एका फ्लॅटमध्ये चार-पाच जणी राहून दिवसाला ढीगभर कपडे बदलत कॅटलॉग शूट करतात. राग आहे तो स्वतःच्या गिऱ्हाइकाचा चेहरा स्वतःच्याच जाहिरातीत लाज वाटण्यासारखा समजण्याचा.

आणि कोण दिसतं इतकंच बघू नको, काय म्हणून दिसतं तेही बघ. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. सावळी मुलगी चालते, पण कुठे? हातमागाच्या साडीला, चांदीच्या दागिन्यांना, सरकारी योजनेच्या पोस्टरला, धान्याच्या गोणीशेजारी, आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या रोलला. त्या बाईच्या ब्रीफमध्ये ‘डार्क स्किन’ न विसरता लिहिलेलं असतं. घर घेणारी गोरी आणि लादी पुसणारी काळी. नागालँड-मणिपूरच्या मुलींना नूडल्ससाठी नाहीतर स्पासाठी बोलावतात. त्यांच्यातली एखादी बँकेत मॅनेजर असू शकते, हे कुणाच्या मनातही येत नाही. तुझ्या मामाच्या माणगावपासून मुरुड काही फार लांब नाही. जंजिऱ्यावर ज्यांनी तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं ते सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, आणि तिकडे कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी घरात कोकणी बोलतात. त्यांच्यातला एखादा मुलगा उद्या तुमच्याकडे ऑडिशनला आला तर शीटवर त्याच्यापुढे काय लिहिलं जाईल? मला भीती आहे की ‘फॉरेनर’ लिहिलं जाईल. तू ‘कोकणी-मराठी बोलतो’ असं लिही.

यासाठी एक छोटी वही ठेव. ऑफिसची नको, तुझी स्वतःची. नावं लिहू नको, ती लोकांची खासगी गोष्ट आहे. एवढंच लिही: रोल कोणता, ब्रीफमध्ये रंगाचा शब्द होता का, कुणी घातला, ऑडिशनला कोण कोण आलं, लिंकमध्ये किती सावळे चेहरे गेले आणि कोणत्या रोलला. तीन महिने लिही. तुझ्या मनात आत्ता नुसती घुसमट आहे, वहीत ती आकड्यांनी दिसेल. एखाद्या दिवशी सरांशी बसून बोलायची वेळ आली तर ‘मला असं वाटतं’ यापेक्षा ती वही जास्त ऐकली जाईल. आणि दुसरीकडे नोकरीच्या मुलाखतीला गेलीस तर तुझ्याकडे सांगण्यासारखं काम असेल.

नोकरी सोडू का, हा तुझा मुख्य प्रश्न. माझं मत, आत्ता सोडू नको. घर तुझ्यावर आहे हे पहिलं कारण. दुसरं असं की तू सोडलीस तर त्या खुर्चीत जी येईल तिला हे दिसेलच असं नाही, ती मेसेज कॉपी करून पाठवत राहील. पण दोन गोष्टींना आजपासून नाही म्हण. कुठल्याही मुलीला ‘स्किनवर काम कर’ असा निरोप तू द्यायचा नाही, कुणीही सांगितलं तरी. आणि रंगावरून काढलेल्या मुलीला उंचीचं, वजनाचं, वयाचं खोटं कारण सांगायचं नाही. ‘या वेळी झालं नाही’ एवढं पुरे. या दोन गोष्टींवरून नोकरीवर गदा आली, तर मात्र ती जाऊ दे. तो दिवस येईल असं धरून आत्तापासून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाक. तीन-चार महिन्यांचा घरखर्च गाठीला असला की माणसाचा आवाज सरळ निघतो. अंधेरी-वर्सोव्यात कास्टिंग ऑफिसं थोडी नाहीत, आणि चांगली नजर असलेली को-ऑर्डिनेटर सगळ्यांनाच हवी असते.

विठोबाचं मी सांगणार नव्हतेच. त्याला सावळा म्हणून ओवाळणाऱ्या घरांत मुलीच्या बायोडेटावर ‘रंग: उजळ’ लिहिताना मी पाहिलंय, माझ्या माहेरीसुद्धा. माझ्या आत्याचा रंग बायोडेटात ‘निमगोरा’ लिहिला होता आणि पाहुणे येणार त्या दिवशी तिला दुपारभर खोलीत बसवून ठेवलं होतं, उन्हात गेली तर आणखी काळवंडेल म्हणून. तुझा वैताग मला पटतो.

डॉक्टरांकडे जाऊन आलात, तिच्या चेहऱ्याची आग कमी झाली, तुमचं बोलणं झालं, की मग तिचा पोर्टफोलिओ तू स्वतः नव्याने कर. तिने पाठवलेले फोटो बहुतेक पांढऱ्या भिंतीपुढचे असतील. फोन पांढऱ्या भिंतीला बघून सगळंच गडद करतो आणि तिचा चेहरा अंधारात जातो. त्याऐवजी मोरपिशी किंवा विटकरी भिंत शोध, नाहीतर दोरीवर एखादी गडद साडी सोड. दुपारी चारनंतर खिडकीच्या कडेला तिला तिरकं उभं कर, उजेड एका गालावरून येऊ दे. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धर म्हणजे सावली मऊ होईल. स्क्रीनवर तिच्या गालावर बोट ठेव आणि उजेड किंचित वर घे, फार नको. ब्युटी मोड बंद कर. चेहऱ्याला थोडं खोबरेल लावलं तरी चालेल, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजेड छान बसतो. समोरून, डावीकडून, उजवीकडून, हात दाखवताना, हसताना, आणि गप्प असताना. मग तिथेच बसून सगळे फोटो आधी तिला बघू दे. तिला आवडतील तेवढेच ठेव.